वेंगुर्ल्याच्या काकांना, मुलुंडच्या टाकीकडून

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

क्रॉफर्ड मार्केटमागचं समुद्री माशांच्या टाक्यांचं दुकान आवरून तुम्ही वेंगुर्ल्याला गेलात, त्याला येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. फोनवर आपलं बोलणं होतं, पण मी आभाराचा सूर लावला की तुम्ही लगेच "मीठ किती आहे आज?" असं विचारता आणि तो विषय तिथेच संपतो. म्हणून हे लिहिते आहे. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे, कारण तुमच्या दुकानातून काहीही विकत न घेता शहाणी होऊन परतलेली मी एकटीच नसणार.

2019 च्या जानेवारीत मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती सामान विकायला. दोन पिशव्यांत स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), दिवा, पंप, उरलेलं मीठ. महिन्याभरापूर्वी एका दुकानातून टाकी, वाळू, मीठ, मासे, एक अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) आणि एक दगडी प्रवाळ, सगळं मी एकाच दिवशी घरी आणलं होतं. विसाव्या दिवशी शेवटचा मासा गेला. मला ती टाकी डोळ्यांसमोर नको होती. तुम्ही पिशवीत डोकावलंदेखील नाहीत. म्हणालात, "टाकीतलं पाणी आणलंस काय?" मी नाही म्हटलं. "मग पाणी घेऊन ये. सामान कुठे पळत नाही."

पुढच्या शनिवारी डब्याच्या पिशवीत पाण्याची बाटली घेऊन मी मुलुंडहून लोकलने आले. तुम्ही खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकलेत, उजेडाकडे धरलंत आणि मला बघायला दिलंत. खारटपणाचा आकडा 1.031. हवा होता 1.025 ते 1.026. माझ्याकडचा प्लॅस्टिकचा, खारटपणा काट्याने दाखवणारा हायड्रोमीटर रोज 1.025 दाखवत होता, कारण मी तो कधी गोड्या पाण्यात धुतला नव्हता. काट्यावर क्षार साचून तो जड झाला होता आणि कमी दाखवत होता. त्यातून, टाकीतलं पाणी जितकं कमी व्हायचं तितकं मी रोज मिठाचंच पाणी भरत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाणी उडतं गो, मीठ उडत नाही." रोज दोन लिटर पाणी उडत होतं, दोन लिटरचं मीठ मागे राहत होतं आणि वर मी रोज नवं मीठ ओतत होते. तोपर्यंत मी रोगाला, विकणाऱ्याला, नशिबाला दोष देऊन बसले होते. तुम्ही कुणालाच दोष दिला नाहीत, मला आकडा वाचायला शिकवलंत.

मग तुम्ही मला काय काय घेऊ दिलं नाहीत, त्याची आठवण करून देते. मला मोठा निळा एलईडी हवा होता. तुम्ही म्हणालात, दिवा शेवटी, आधी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. मे महिन्यात आमच्या घरात टाकीचं पाणी 32 अंशांच्या वर जातं आणि अशा टाकीला 25-26 हवं. पंख्याने दोन अंश उतरेल, पण त्याने पाणी आणखी उडेल, आणि पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा की पंख्याचा तेवढाही उपयोग नाही, हे तुम्ही कागदावर लिहून दाखवलंत. चिलर कपाटात कोंडू नकोस, तो पाण्यातली उष्णता काढून बाहेर फेकतो, ती जायला वाट हवी, हेही तेव्हाच सांगितलंत. माझा चिलर आजही कपाटाबाहेर, बाल्कनीच्या दाराशी आहे.

स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी चालेल असं मी धरून चालले होते. तुम्ही खिशातून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) काढून माझ्या हातात दिलात. घरी जाऊन बघितलं तर 60 च्या पुढे. पिण्याच्या आरओमध्ये चव राहावी म्हणून थोडं साधं पाणी परत मिसळतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवाळाला खतपाणी तिथूनच मिळत होतं. टीडीएस शून्य येईपर्यंत, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारा डीआय रेझिनचा वेगळा फिल्टर बसेपर्यंत, तुम्ही मला मिठाची पिशवी दिली नाहीत. आणि टाकी! मला पाच फुटी हवी होती. तुम्ही विचारलंत, बिल्डिंग किती जुनी, कितवा मजला? मग तीन फुटीवर थांबवलंत. तिच्यातही 190 लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच 190 किलो, वर काच, खडक आणि स्टँड. ती खोलीच्या मधोमध नको, बीम असलेल्या भिंतीला लागून ठेव, असं बजावलंत. प्रत्येक वायर आधी खाली झुकवून मग प्लगकडे चढवायची, म्हणजे ओघळ आला तर जमिनीवर टपकेल, बोर्डात जाणार नाही, हेही तुमचंच. त्याच आठवड्यात मी ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला.

दगडी प्रवाळाबद्दल मात्र तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. ते कुठून आणलंस, म्हणून विचारलंत. मी दुकान सांगितलं तर तुम्ही क्षणभर गप्प झालात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची पहिली अनुसूची मला तेव्हा कळली. ज्या अनुसूचीत वाघ आहे, तिच्यातच आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आहेत. त्यांना समुद्रातून काढायचं नाही आणि विकायचं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. नंतर एका रविवारी ओहोटीची वेळ बघून तुम्ही मला हाजी अलीच्या खडकांवर घेऊन गेलात. पायाखाली कचरा, वास, मागे गाड्यांचा आवाज, आणि तुम्ही वाकून एका डबक्यात बोट दाखवलंत. शर्टाच्या गुंड्यांएवढी झोआंथिड्स, म्हणजे मऊ, फुलांसारखी दिसणारी प्रवाळं, खडकभर पसरलेली. "हात लावू नको. बघ फक्त." चाळीस वर्षं मुंबईत राहून मला हे ठाऊक नव्हतं की माझ्या शहराच्या किनाऱ्यावर प्रवाळं आहेत. पुढे 2020 मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली आणि आधी तुम्हाला फोन केला.

त्यामुळे माझ्या टाकीत समुद्रातून ओरबाडलेलं काही नाही. खडक भट्टीत भाजलेल्या सच्छिद्र सिरॅमिकचे. मशरूम प्रवाळं आणि झोआंथिड्स तुमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या टाकीत वाढलेल्यांचे तुकडे. क्लाउनफिशची जोडी टाकीतच पैदास झालेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला ही पैदास केव्हाच साधली आहे, मग समुद्रातला मासा कशाला, हा तुमचा प्रश्न मी आता इतरांना विचारते.

माशांआधीचे ते पाच आठवडे मला सर्वात जड गेले. रिकामी टाकी, फिरणारं पाणी आणि वाळूवर बाजारातला कोलंबीचा एक तुकडा. तो कुजून अमोनिया होणार, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करणार, दुसरे त्याचं नायट्रेट. घरच्यांना मी हे समजावत होते आणि मलाच पटत नव्हतं. दर शनिवारी तुम्ही बाटलीतलं पाणी तपासायचात आणि "अजून नाही" म्हणायचात. काका, तुमचा धंदा मासे विकायचा होता. पाच शनिवार तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवलंत. सहाव्या शनिवारी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि तुम्ही माझ्याआधी हसलात.

आणि 12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. टाळेबंदीचे दिवस, लोकल सामान्यांना बंद, तुम्ही तिकडे, मी इकडे. पंप थांबले आणि टाकी अशी शांत झाली की मला धडकी भरली. तुम्ही फोनवर म्हणालात, "मासे उपाशी राहिले तर मरत नाहीत, हवा नसली तर मरतात. पाणी काढायचा मग घे हातात." त्या मगाने मी टाकीतलं पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचावरून परत टाकीतच ओतायचं, दर दहा मिनिटांनी. खाऊ घालायचं नाही, झाकण उघडं ठेवायचं. शेजारची दोन मुलं मास्क लावून आली, त्यांनी पाळ्या वाटून घेतल्या. दुपार उलटून गेली तरी वीज नव्हती. तुम्ही दर अर्ध्या तासाला फोन करत होतात, शेवटी तुमच्याच फोनची बॅटरी संपली. संध्याकाळी दिवे आले, तेव्हा सगळे मासे जिवंत होते. त्या आठवड्यात मी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला. तो आजही चार्जिंगला लावलेला असतो.

आताचं रोजचं तुम्हाला माहीत आहे. रविवारी 20 लिटर पाणी बदलते, आदल्या रात्री बादलीत सातशे ग्रॅम मीठ घालून पंप फिरता ठेवते, सकाळी आकडा बघूनच ओतते. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त डीआय फिल्टरचं, शून्य टीडीएसचं पाणी. रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा हजारी 35 भाग क्षार असलेल्या द्रावणावर जुळवून घेते. कुठलीही तांबं असलेली औषधं टाकीच्या आसपासही नाहीत.

पण ही बातमी तुम्हाला फोनवर सांगितलेली नाही. गेल्या मंगळवारी मादीने, म्हणजे जोडीतल्या मोठीने, कुंडीच्या खापरावर अंडी घातली. आधी केशरी होती. नर रात्रंदिवस पंखांनी वारा घालतोय, खराब झालेलं अंडं तोंडाने उचलून टाकतोय आणि मी हात घातला की बोटाला चावतोय. आज आठवा दिवस. अंडी चंदेरी झाली आहेत, भिंगातून डोळे दिसतात. ती अंधारात फुटतात असं तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून आज दिवे लवकर मालवणार आहे. पिल्लांसाठी रोटिफर, म्हणजे त्यांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव, पंधरा दिवसांपूर्वीच वाढवायला घेतले, बाल्कनीतल्या बरणीचं पाणी हिरवं झालं आहे.

पत्र पोहोचेल तेव्हा निकाल लागलेला असेल. तरीही एक सांगा, पहिल्या दिवशी पिल्लांची टाकी पूर्ण काळ्या कागदाने झाकायची, की वरची बाजू उघडी ठेवायची? तुमचा फोन लागेपर्यंत मी चारही बाजू झाकून ठेवते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
मुलुंडची टाकीवाली