गॉलवेच्या त्या बारा जणी

डब्लिन
ऑगस्ट २०२५

प्रिय सुमे,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या शाळेच्या खो-खोच्या मुली जिल्ह्याला पहिल्यांदाच गेल्या, पहिल्याच सामन्यात एक डाव आणि सहा गुणांनी हरल्या आणि परतताना एसटीत एकीनेही तोंड उघडलं नाही, हे वाचून पोटात कालवलं. संघ उतरवायची घाई झाली का, असं तू विचारतेस. मला तसं मुळीच वाटत नाही. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

आमची धाकटी दोन वर्षांपासून इथल्या क्लबात कॅमोगी खेळते. हर्लिंग हा इथला काठी-चेंडूचा जुना खेळ, त्याचंच हे बायकांचं रूप. काठी अ‍ॅशच्या झाडाची, तीही बुंध्याच्या अगदी मुळाकडच्या भागातून काढलेली, कारण तिथे लाकडाची रेघ आपसूक वळते आणि काठीचं पसरट टोक त्या वळणात बसतं. सरळ रेघेतून कापली तर जोरकस फटक्याला ती चिरते. टोकावर पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. मुठीची पट्टी भिजून सुटली की मी नवी गुंडाळून देते. आपण खो-खोच्या आधी हाताला माती चोळायचो ना, तसंच वाटतं मला ते.

१० तारखेला तिला घेऊन इथल्या क्रोक पार्क मैदानावर, सगळ्या आयर्लंडच्या कॅमोगी स्पर्धेच्या अंतिम सामन्याला गेले होते. गॉलवे आणि कॉर्क, इथल्या दोन काउंट्यांचे म्हणजे जिल्ह्यांचे संघ. अगदी शेवटी कॅरी डोलनने फ्री (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) मारली आणि गॉलवे एका गुणाने जिंकलं, १-१४ विरुद्ध १-१३. (आधीचा आकडा गोलचा, नंतरचा सुट्या गुणांचा आणि एका गोलचे तीन गुण, हे समजायला मला पहिलं वर्ष लागलं.) माझ्या शेजारी गॉलवेच्या एक आजी होत्या. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तशा त्या उभ्या राहिल्या नाहीत, तोंड ओंजळीत धरून नुसत्या रडत राहिल्या. एका सामन्यासाठी कुणी इतकं रडावं? म्हणून घरी येऊन जुनं काय मिळेल ते वाचत बसले.

सुमे, ही स्पर्धा १९३२ मध्ये सुरू झाली. खेळ त्याहून जुना. १९०४ मध्ये डब्लिनच्या गेलिक लीग या आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या संस्थेतल्या बायकांनी तो बसवला आणि त्याच जुलैत नव्हान गावी लोकांसमोर पहिला सामना खेळल्या. त्या सामन्यात खेळलेली मॉयरा नी खिनेजा पुढे कॅमोगी संघटनेची पहिली अध्यक्ष झाली. पण सगळ्या देशाची म्हणावी अशी स्पर्धा उभी राहायला आणखी २८ वर्षं गेली. चषक दिला शॉन ओ'डफी यांनी. १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात उतरलेला, कामगार संघटनेत वाढलेला माणूस. आजही चषकाला ओ'डफींचंच नाव आहे.

पहिल्या अंतिम सामन्यात डब्लिन विरुद्ध गॉलवे, एकेका संघात बारा जणी. सामना व्हायला पुढचं वर्ष उजाडलं आणि तो झाला गॉलवेतच, घरच्या लोकांसमोर. डब्लिन ३-२, गॉलवे ०-२. म्हणजे अकराला दोन! पुढच्या हंगामात पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा डब्लिन. १९३४ मध्ये कॉर्क आलं आणि सलग तीनदा जिंकलं. गॉलवेच्या मुली मागेच पडल्या. पुढे डब्लिनकडे कॅथलीन मिल्स आली, इंचिकोरच्या रेल्वे वस्तीतली. तिने एकटीने १५ पदकं मिळवली. अशांशी गाठ होती.

आणि हे सगळं कशात खेळायचं? अगदी सुरुवातीला घोट्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये. चेंडू मुद्दाम स्कर्टने अडवला तर फाउल, असा नियमच होता. स्कर्ट आखूड झाले, पण गेले नाहीत. शॉर्ट्स घालायची मुभा मिळाली ती यंदाच्या मे महिन्यात, खेळाडूंनी उघड विरोध केल्यावर, ९८ टक्के मतांनी. आपल्याला आठवीत सलवार-कमीजवर पळायला लावलं होतं, तू ओढणी खुंटाला बांधून आलीस आणि ओरडा खाल्लास. मला अजून राग येतो त्याचा.

गॉलवेने पहिल्यांदा चषक उचलला तो १९९६ मध्ये, कॉर्कला ४-८ विरुद्ध १-१५ असं हरवून. त्या पहिल्या हंगामानंतर ६४ वर्षांनी. यंदाचं हे त्यांचं पाचवं. त्या बारा जणींमधली १९९६ पर्यंत कोण राहिली असेल? पण त्या मैदानात उतरल्या नसत्या तर गॉलवेचं नाव या स्पर्धेत कुणाच्या तोंडी आलं असतं? त्यांनी घाई केली असं मी तरी म्हणणार नाही. तुझ्या मुलींनीही केली नाही.

त्यांची नावं लिहून ठेव, सुमे. बारा जणींची पूर्ण नावं, कोण कुठल्या चौकोनात बसली, कोण किती मिनिटं पळाली. शाळेच्या वहीत आणि एक प्रत मला. १९३२ च्या गॉलवेच्या बारा जणी शोधताना मला पटकन सापडला तो फक्त ०-२ हा आकडा, ते फार लागलं.

नऊ वाजत आलेत, बाहेर अजून उजेड आहे. धाकटी मागच्या भिंतीवर चेंडू मारते आहे, टक, टक. आता तिला हाक मारते.

तुझी,
शालू