कोसला कंटाळवाणी म्हणालीस, त्याबद्दल

कराड,
रविवार, दुपार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. तुझ्या आईला वाटलं सर्दी झाली, तिनं तिथल्या तिथे काढा सांगायला घेतला. मला मात्र अंदाज आला होता. तुमच्या पुस्तकवाल्या मंडळींत तू 'कोसला' कंटाळवाणी वाटली म्हणालीस, दोघं-तिघं अंगावर आले, 'तुला कळलीच नाही' म्हणाले, आणि आता पुढच्या वेळी नुसतं ऐकत बसायचं असं तू ठरवलंस. त्यावर काही बोलावं म्हटलं तर मागून आईचं 'ओवा टाक, ओवा टाक' चाललेलं. म्हणून हे पत्र.

'कोसला' ही भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी, १९६३ ची. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा एसटी डेपोत नवीन होतो, रात्रपाळीला. पन्नासेक पानांत ठेवून दिली. जिकडेतिकडे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ', म्हटलं हे काय लिहिणं झालं! दुसऱ्यांदा घेतली ती तू पुण्याला होस्टेलला गेलीस त्या वर्षी. त्या वेळी मी ती तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकराच्या बाजूनं वाचलीच नाही, त्याच्या बापाच्या बाजूनं वाचली. पोरगं पुण्यात शिकायला गेलंय, खर्चाचा मेळ नाही, अभ्यासाचा पत्ता नाही, आणि बाप तिकडे खानदेशात. मला त्या पोराचा असा राग आला की दुसऱ्या दिवशी तुलाच फोन करून विचारलं, मेसचं बिल भरलंस का. तू चिडली होतीस. कारण आज सांगतोय. मग पुढे मनी येते, त्याची धाकटी बहीण, देवीच्या साथीत जाते ती. ती पानं वाचली आणि पुस्तक पालथं घालून मी अंगणात जाऊन बसलो. पोराचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

म्हणजे तीच कादंबरी मला एकदा कंटाळवाणी वाटली आणि एकदा नाही. पुस्तक तेच होतं, प्रतही तीच. तेव्हा तुझं मत चुकलं असं मी म्हणणार नाही, पण ते अर्धं होतं. स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये बसलेलो असताना लोक खिडकीशी येऊन 'पुणे गाडी लेट आहे' म्हणायचे. ते मलाही माहीत असायचं. पण पाचवड फाट्याला टायर गेलाय की उंब्रजला रस्ता अडलाय, हे कुणी सांगितलं की पुढची हालचाल करता यायची. तू कुठे अडलीस ते सांगायचं होतंस. भाषेला अडलीस, की त्या पोराच्या आळसाला, की एवढी पानं मुलांच्याच गप्पा आणि मुली कुठेतरी कडेला, याला? मला वाटतं तिसरं. तसं असेल तर ते बोलायला हवं होतं, कारण मग समोरच्यांनाही नुसतं 'कळली नाही' म्हणून सुटता आलं नसतं. आणि तसं म्हणणाऱ्याला शांतपणे एवढंच विचार, तुला स्वतःला कुठलं पान सगळ्यात जवळचं वाटलं? निम्मे तिथंच गप्प होतात. उरलेले निम्मे छान बोलतात.

आमच्या कट्ट्याचं तुला अर्धवटच माहीत आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयात पेपर वाचायचं मोठं टेबल असतं तिथे आम्ही आठ-नऊ जण जमतो. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे बाई म्हणतात. दूधसंस्थेचे सचिव आहेत, मेडिकलवाले आहेत, एमपीएससी करणारं एक पोरगं आहे, आणि आक्का. आक्का शिलाईकाम करतात, पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पिशवी मांडीवर घेऊन बसतात आणि फारसं बोलत नाहीत.

नियम एकच, शेवट सांगायचा नाही. तो नियम माझ्यामुळे झाला. दोन वर्षांपूर्वी 'रणांगण' होती. विश्राम बेडेकरांची, १९३९ ची. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, चक्रधर आणि ती ज्यू मुलगी हेर्टा. छोटीशी कादंबरी, एका बैठकीत होते, म्हणून मला वाटलं सगळ्यांची वाचून झालीच असणार. मी भरात येऊन हेर्टाचं पुढे काय होतं ते सांगून टाकलं. बाईंचं निम्मं वाचन व्हायचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घडी करून घरात घातला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, गाइड वाचू नका. आता गाइडच समोर येऊन बसलंय." सगळ्यांचा चहा दोन महिने माझ्याकडे लागला. (तुझ्या आईला हे सांगू नकोस. तिला वाटतं तो खर्च डोळ्यांच्या थेंबांचा होता.)

पण खरं सांगायचंय ते मागच्या दोन शनिवारांबद्दल. आम्ही धरणावरच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ घेतल्या. आधी विश्वास पाटलांची 'झाडाझडती', मग कृष्णात खोतांची 'रिंगाण'. दोन्हींना साहित्य अकादमी मिळालंय, पहिलीला १९९२ ला, दुसरीला २०२३ ला. 'झाडाझडती' जाडजूड. धरणाखाली गाव जातं, खैरमोडे गुरुजी आणि सगळा गाव कचेऱ्यांच्या चकरा मारतो. मी त्या दिवशी बऱ्यापैकी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, लेखकाला विषय पुरता माहीत आहे, पण हात राखून लिहायला हवं होतं. एका संकटावर दुसरं, त्यावर तिसरं, वाचणाऱ्याला दम घ्यायला जागाच ठेवत नाही. मेडिकलवाल्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं.

आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "मी दीडशे पानांपर्यंत गेले. पुढं नाही गेले." पोरगं म्हणालं, मग मत पुढच्या महिन्यात सांगा. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात 'रिंगाण'. यात गाव उठून नव्या जागी आलंय आणि देवाप्पा मागं राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावाकडं जातो, तर ती रानची झालेली. सचिव सुरुवातीलाच उखडले. "म्हैस माणूस विसरत नाही. पाच वर्षांमागं विकलेली माझी म्हैस बाजारात मला बघून रेकते." पोरगं म्हणालं, "काका, म्हैस इथं प्रतीक आहे." सचिव म्हणाले, "असंल. प्रतीक दूध किती देतंय?" एवढे हसलो की ग्रंथपाल उठून बघायला आले. पण मग सचिवच म्हणाले, कासरा नाही, गोठा नाही, धार काढणारा हात नाही, असं वर्ष-दोन वर्षं गेलं तर काय होतं ते मी कधी बघितलेलं नाही. आणि गप्प झाले. मला त्यांचं हे फार आवडलं. म्हशीतला माणूस असून तिथं थांबले.

तेव्हा आक्का बोलल्या. त्या मूळच्या कोयनेकाठच्या, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी चढलं तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या. त्यांचं गाव पांगलं, कुणी वर डोंगरात सरकलं, कुणी सोलापूरकडं गेलं, कुणी रायगडात. म्हणाल्या, "आमच्या म्हशी आमच्याबरोबर आल्या. जातं राहिलं. दोन खेपा झाल्या, तिसरीला आणू म्हणून वडिलांनी ठेवलं, आणि तिसरी खेप झालीच नाही. नव्या ठिकाणी आई वर्षभर दुसऱ्यांच्या दारात दळायला जायची. त्या बाया काही बोलायच्या नाहीत, पण आई पहाटे सगळ्यांच्या आधी जायची, कुणी बघायच्या आत." मग त्यांनी दोन्ही पुस्तकं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. "या पुस्तकात माणूस परत जातो. म्हणून मी हे पुरतं वाचलं. त्या दुसऱ्यात अजून निघायचंच चाललेलं होतं. ते मला पुन्हा नको होतं."

ताई, महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा १९७६ ला आला. कोयनेचं पाणी त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच चढलेलं. मी नोकरीला लागलो तेव्हासुद्धा पाटण बाजूची माणसं कापडी पिशवीत कागदांची गुंडाळी घेऊन साताऱ्याच्या गाडीला यायची. कलेक्टर कचेरी. संध्याकाळी परत येईपर्यंत त्यांची शेवटची गाडी गेलेली असायची, आणि ती फलाटावरच धोतर अंगावर ओढून निजायची. पहाटे झाडणाऱ्या बायांची अडचण व्हायची, म्हणून मी त्यांना उठवायचो. किती जणांना उठवलं असेल. 'झाडाझडती' वाचताना मला हे आठवलं नाही, बघ. आक्का जात्याबद्दल बोलत होत्या तेव्हा आठवलं.

माझं मत बदललं का म्हणशील, तर पुरतं नाही. त्या कादंबरीत दम घ्यायला जागा कमी आहे असं मला अजूनही वाटतं, आणि 'रिंगाण' तिच्या बोलीसकट जास्त खोल गेली असंही वाटतं. बाईंना नेमकं उलटं वाटतं. त्या म्हणतात कचेरी कशी चालते हे इतकं तपशिलानं दुसऱ्या कुणी लिहून ठेवलंय सांगा, आणि मला सांगता आलं नाही. पण आता मी 'हात राखून' म्हणताना आधी हे सांगतो, की आमचं घर कधी पाण्याखाली गेलं नाही. ते कबूल केल्याशिवाय ते वाक्य तोंडातून निघत नाही. आणि दीडशे पानांवर थांबणं हेही मत असतं, ते पुढच्या महिन्यावर ढकलायचं नसतं, हे पोराला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं, याची जरा लाज वाटते.

तुझी पुस्तक सुचवायची पाळी येणार आहे म्हणालीस. 'बनगरवाडी' सुचव. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची, बारीक आहे, तुमच्यातल्या कामात गाडलेल्यांचीही वाचून होईल. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. 'यात काही घडतच नाही' असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. त्याला कुठे अडलास विचार. मी स्वतः दर वेळी तालमीच्या बांधकामाशी रेंगाळतो. एवढीशी वाडी, आणि तालीम उभी करायला हात लावते ते वाचताना मला आपल्या आळीतलं गणपतीचं मंदिर आठवतं, विटा आपणही वाहिल्या होत्या. पुढे काय होतं ते लिहीत नाही. दोन महिने चहा पाजून झालाय.

नुसतं ऐकत बसू नकोस एवढंच. 'कोसला' पुन्हा वाच असंही म्हणत नाही. तुला पोर होऊन ते होस्टेलला जाईल तेव्हा बघू.

आईनं लोणच्याची बरणी भरून ठेवलीय, कुणी येणारं-जाणारं असलं की पाठवतो. दिवाळीला येताना माझं एक काम कर. उद्धव शेळक्यांच्या 'धग'ची प्रत कुठे मिळाली तर घेऊन ये. वाचनालयातल्या प्रतीची शेवटची पानं कुणीतरी फाडलीत. कौतिकनं एवढं सोसलंय, त्या बाईचं पुढे काय झालं या काळजीत मी आठ दिवस आहे. कट्ट्यावर सहा जणांनी वाचलीय, पण शेवट मला कुणी सांगायला तयार नाही. बाई तर चष्मा पुसत नुसत्या हसतात.

तुझे,
बाबा