शाळा बंद राहिली तरी मुलांची चौकशी बंद नको

संपादक महोदय,

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. मधल्या काळात काही वर्ग भरले, पुन्हा थांबले. राज्यभर शाळा उघडल्या त्या ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आणि त्याही गावांत पाचवीपासून, शहरांत आठवीपासून पुढे. या काळात स्क्रीनचा हिशेब ठरला होता. ऑनलाइन वर्गांसाठीच्या केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांनुसार पहिली ते आठवीला दिवसाला फार तर दोन सत्रे, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची. पण मूल कसे आहे हे कोणी आणि कसे विचारायचे, ते बहुतेक ठिकाणी त्या त्या शिक्षकाच्या तळमळीवर राहिले. पुढच्या साथीआधी एवढे तरी लिहून ठरावे: वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे फोन करायचा.

हे फोन फसतात ते एकाच कारणाने. फोन वडिलांचा, स्पीकर चालू, प्रश्न 'बरा आहेस ना?' आणि उत्तर 'हो सर'. म्हणून स्पीकर बंद करायला सांगावे आणि ठोस विचारावे. काल किती वाजता झोपलीस? दुपारी काय जेवलीस? या आठवड्यात कोणत्या मैत्रिणीशी बोललीस? मूल मोकळे बोलू शकत नसेल, तर नुसते 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न ठेवावेत.

लहान मुले 'मन उदास आहे' असे म्हणत नाहीत. पोट दुखते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते. किशोरवयात उदासी चिडचिडीच्या रूपात येते आणि घरचे तिला उद्धटपणा समजतात. झोप, भूक, मित्र, आवडीचे खेळ यांतला बदल दोन आठवडे टिकला, तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवावा; किशोरवयीन मुलांसाठी तिथे मैत्री क्लिनिक असते.

मरणाची भाषा निघाली, तर दोन आठवडे थांबायचे नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. मुलाला एकटे ठेवू नये. शेतकरी घरात फवारणीचे औषध त्याच दिवशी कुलपात जावे, किल्ली मोठ्यांकडे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते; मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८.

घरात मृत्यू झाला असेल, तर 'बाबा झोपलेत' असे सांगू नये. लहान मूल मग झोपायलाच घाबरते. 'बाबा वारले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही', असे साध्या शब्दांत सांगावे. आपल्यामुळेच घरात आजार आला, हे ओझे मुले मनातल्या मनात वाहत राहतात.

या कामाला खर्च जवळजवळ नाही. शिक्षकांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण, आणि दर जूनमध्ये प्रत्येक मुलामागे दोन फोन नंबर: एक पालकांचा, दुसरा शेजाऱ्याचा किंवा मामा-मावशीचा. घरातला एकमेव फोन कामावर गेला की पहिला नंबर दिवसभर निरुपयोगी ठरतो. ही यादी कागदावर, वर्गशिक्षकांच्या घरी असावी. कार्यालयातले हजेरीपुस्तक टाळेबंदीत कुलपाआड जाते.

— काही शालेय समुपदेशक, नाशिक