निळं दिसलं की ‘ब्लू बॉटल’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात वारा समुद्राकडून जोरात वाहू लागला की जुहू, आक्सा, गिरगाव चौपाटीच्या वाळूत निळे जीव येऊन पडतात. ऑगस्ट २०१८मध्ये मुंबईत ब्लू बॉटल या निळ्या समुद्रजीवाच्या दंशाच्या बातम्या गाजल्या. तेव्हापासून निळं काहीही दिसलं की त्याला तेच नाव चिकटतं, मग ते निरुपद्रवी ब्लू बटन, शास्त्रीय नाव पॉर्पिटा पॉर्पिटा, का असेना. दोघांच्या दंशात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून हे पत्र.

ब्लू बटनच्या मधोमध गोल, चपटी, टणक चकती असते. मोठ्यात मोठी तीनेक सेंटीमीटर, दहाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी. चिमट्याने उचलून उजेडाकडे धरली तर एकात एक वर्तुळं दिसतात. ते हवेचे कप्पे; त्यांच्यावर ती तरंगते. भोवती निळ्या तंतूंची झालर, तंतूंवर बारीक गाठी. उलटी केली की मध्यभागी तोंडाची नळी, तिच्याभोवती प्रजननाचं काम करणारे घटक आणि कडेला भक्ष्य धरणारे. म्हणजे ही एका जीवाची नव्हे, अनेक छोट्या जीवांच्या वसाहतीची रचना आहे. खऱ्या जेलीफिशमध्ये ती मोडत नाही.

ब्लू बॉटलला चकती नसतेच. तिला फुगा असतो आणि त्याखाली मीटरभराहूनही लांब निळा दोरा. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८मध्ये तिला ‘होलोथुरिया’ या नावाखाली बसवलं होतं, आणि ते नाव आज समुद्रकाकड्यांचं आहे, तेव्हा गोंधळ जुनाच! असाच तिसरा निळा जीव म्हणजे व्हेलेला: लंबगोल, पाठीवर तिरकं उभं पारदर्शक शीड.

चूक होते ती शिळ्या नमुन्यात. उन्हात पडून तंतू गळतात, निळा रंग उडतो, उरते नुसती चकती, आणि ती प्लॅस्टिकचा तुकडा वाटते. व्हेलेलाचं शीडही वाळून आडवं होतं. अशा वेळी कडा बघावी, गोल की लंबगोल. तंतू मोजण्यात अर्थ नाही, लाटांत किती तुटले ते कळत नाही.

फोटोसाठी पांढऱ्या थाळीत दोन बोटं समुद्राचं पाणी घ्यावं. नळाचं अजिबात नको, गोड्या पाण्याने डंख मारणाऱ्या दंशपेशी फुटतात. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो वरून, एक खालून घ्यावा. तारीख, किनारा आणि भरतीची वेळ लिहावी. नमुना ठेवायचा तर फोटो आधी, कारण रंग टिकत नाही. आकार टिकवायला समुद्राच्या पाण्यात केलेलं चार-पाच टक्के फॉर्मॅलिन, डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल. अल्कोहोलमध्ये शरीर आकसतं, म्हणून दोन नमुने असतील तर एकेक वेगळ्या बाटलीत.

ब्लू बटनने फार तर खाज सुटते. ब्लू बॉटलचा दोरा मात्र मेला तरी डसतो. चिकटलेले तुकडे चिमट्याने काढावेत, जागा समुद्राच्या पाण्याने धुवावी, वाळूने चोळू नये. मग सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवावी. श्वास लागला, छातीत दुखलं तर तडक रुग्णालय.

आपल्या वृत्तपत्राने अशा बातमीसोबत जीवाचं नेमकं नाव, खालच्या बाजूचा एक फोटो आणि गरम पाण्याच्या या दोन ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपले,
किनाऱ्यावरच्या जीवांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक, मुंबई