वाघाला नजर परत देणाऱ्या माएस्त्रोंना

प्रिय माएस्त्रो,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ‘माएस्त्रो’, म्हणजे उस्ताद, एवढंच; नाहीतर तुम्हाला संकोच वाटेल. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

मेक्सिकोतल्या तेकुआनेस या लोकनाचातला तो जग्वारचा मुखवटा तुमच्याकडे आला तेव्हा आधीच दोनदा ‘दुरुस्त’ झालेला होता. (तिथल्या गेरेरो राज्यात जग्वारला सगळे ‘तिग्रे’, म्हणजे वाघच म्हणतात.) लाकूड सोंपान्त्लेचं, आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं. हलकं असल्यामुळे नाचणाऱ्याच्या मानेला सोसतं, आणि मऊ असल्यामुळे कीडही लवकर लागते. किडीची भोकं दिसताच पहिल्याने पाण्यात कालवलेली लांबी भरली. लाकूड फुगलं, वाळताना आक्रसलं, रंगाचे पोपडे सुटले. दुसऱ्याने त्यावर चकचकीत वॉर्निश ओढलं. रानडुकराच्या राठ केसांच्या मिश्या त्यात चिकटून गेल्या, आणि आतल्या अळ्या तशाच जिवंत. मुखवटा उलटा करून पाहावा असं एकालाही वाटलं नाही.

तुम्ही आधी तो उलटा केलात. कपाळाच्या जागी घामाचा काळपट डाग, दोरीने झिजलेल्या भोकांच्या कडा. १९७० च्या दशकात गेरेरोत संग्राहकांसाठी कोरलेले कितीतरी मुखवटे नाचातले म्हणून विकले गेले. खरंखोटं कळतं ते आतूनच.

मग तुम्ही तो स्वतःच्या तोंडावर चढवलात. गुडघे वाकवून दोन पावलं टाकलीत आणि थांबलात. म्हणालात, “काही दिसत नाही.”

हे तीन शब्द आजही आठवले की गळा दाटतो. या वाघाच्या डोळ्यांत आरसे आहेत, त्यांतून दिसणारच नाही. नाचणारा पाहतो ते वरच्या दातांखालच्या फटीतून. ती फट तडा समजून लांबीने बुजवून टाकली होती, आणि इतक्या हातांतून जाऊनही ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुखवट्याच्या आत एक माणूस असतो, त्याला श्वास आणि नजर लागते, हे ज्याला सुचतं तो कारागीर तर असतोच, भला माणूसही असतो.

आमच्या हातून झालं ते एवढंच: गोठवलं तर रंग तडकेल म्हणून ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत तीन आठवडे ठेवून कीड मारली. बाकी सगळं तुमचं. लांबी लाकडी काडीने, कोरडीच खरवडलीत. पाण्याचा थेंबही लावला नाहीत. जबड्याला ठिगळ सोंपान्त्लेचंच, रेषेला रेषा जुळवून, कारण कठीण लाकूड हवेबरोबर वेगळं हलतं आणि सांधा उघडतो.

घामाचा डाग मात्र पुसला नाहीत. उलट त्याच जागी जुन्या कापडाची दुहेरी घडी बसवलीत. त्यामुळे मुखवटा किंचित वर उचलला जातो आणि फट बरोबर डोळ्यांसमोर येते.