चेंबरमध्ये गोळी भरून फिरणाऱ्या परवानाधारकांना विनंती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवान्याचे पिस्तूल कमरेला लावून फिरणारे लोक नाशिकला नवीन नाहीत. जमिनीचे व्यवहार करणारे, बांधकाम व्यावसायिक, सराफ, रोकड घेऊन बाजार समितीत जाणारे व्यापारी अशा अनेकांकडे ते असते. त्यांच्यापैकी काही जण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, गोळी भरूनच घराबाहेर पडतात. ऐन वेळी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो ओढून सोडला की गोळी चेंबरमध्ये चढते) ओढायला सवड मिळत नाही, दुसरा हात मोकळा असेलच असे नाही, हे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. पण हा विचार अमेरिकेतून आला आहे आणि तिथल्या हत्यारांपुरता तो ठीक आहे. तिथे लोक बहुतेक ग्लॉकसारखी आधुनिक 9 एमएम पिस्तुले वापरतात. त्यांच्यात चाप पूर्ण ओढल्याशिवाय फायरिंग पिन (काडतुसावर आदळून बार उडवणारी सुई) पुढे सरकूच शकत नाही, आतला अडसर तिला धरून ठेवतो. आपल्याकडे 9 एमएम हा बोअर (नळीच्या व्यासाचे माप) सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परवान्यावर मिळते ते मुख्यतः .32चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, आणि कित्येक घरांत वडिलोपार्जित परदेशी .32 पिस्तुले आहेत.

त्या जुन्या रचनेच्या बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिनला अडसरच नसतो. सेफ्टी लावली तरी ती फक्त चाप किंवा सिअर (चाप ओढेपर्यंत हॅमर धरून ठेवणारा खटका) अडवते. पिस्तूल नळीच्या तोंडावर फरशीवर आपटले की पिन स्वतःच्या वजनाच्या झटक्याने पुढे जाऊन काडतुसाच्या बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर आदळू शकते. यावर उपाय म्हणून काही जण भरलेल्या चेंबरवर हॅमर (पिनवर आदळणारा मागचा हातोडा) अंगठ्याने धरून हळूच खाली उतरवतात. घाम आलेला अंगठा निसटला की गोळी सुटते. हाफ कॉकवर, म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या खाचेत, थांबवलेला हॅमर ही तर सेफ्टीच नव्हे. ती खाच हॅमर चुकून निसटला तर त्याला अडवण्यासाठी असते, कमरेला वागवण्यासाठी नाही.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. 1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली, ते हातातून निसटून पडल्याचे तेव्हा सांगण्यात आले. आपल्या रिव्हॉल्व्हरला हॅमर ब्लॉक किंवा ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय हॅमरचा घाव काडतुसापर्यंत पोहोचू न देणारा भाग) आहे का आणि तो चालतो का, हे जाणकार गनस्मिथकडून (हत्यारे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) तपासून घ्यावे. तो नसेल तर सहा घरांत पाचच काडतुसे भरावीत आणि रिकामे घर हॅमरखाली आणावे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की पिन-ब्लॉक, म्हणजे पिनला धरणारा अडसर, नसलेले .32 पिस्तूल भरलेल्या मॅगझिनसह (मुठीतल्या काडतुसांच्या पेटीसह) पण रिकाम्या चेंबरनेच वागवावे. इस्रायलमध्ये ही पद्धत वर्षानुवर्षे शिकवली गेली आहे. स्लाइड ओढायला जो सेकंदभर जास्त लागतो तो सरावाने कमी होतो. सराव रिकाम्या हत्याराने, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून करावा.

चेंबर भरण्याचा आणखी एक तोटा फारसा कोणाला ठाऊक नसतो. स्लाइड सुटली की काडतूस मॅगझिनमधून निघून नळीच्या मागच्या उतारावर आपटते. सकाळी भरायचे, रात्री काढायचे आणि उद्या तेच काडतूस पुन्हा वर, असे महिनोन्महिने चालले की शिशाची गोळी पितळी केसमध्ये (कवचात) मागे दबत जाते. आतली जागा कमी होते, दाब वाढतो आणि लहान पिस्तुलाला तो झेपत नाही. .32 एसीपी, म्हणजे या .32 पिस्तुलांच्या काडतुसाची पूर्ण लांबी जास्तीत जास्त 25 मिलिमीटर असते. वर्नियर कॅलिपर आपल्या सातपूर-अंबडच्या नाशकात दुर्मीळ नाही. तो घरी आणून वापरातले काडतूस नव्या खोक्यातल्या काडतुसाशी ताडून पाहावे आणि अर्धा मिलिमीटर जरी कमी भरले तरी बाजूला काढावे. घामाने हिरवे पडलेले आणि तेल लागलेले काडतूसही काढावे, कारण तेल टोपीच्या कडेने आत झिरपते आणि बार निकामी होतो. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक भागातल्यांनी तर ही तपासणी महिन्याला करावी.

मॅगझिन भरतानाही लक्ष हवे. या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की ते वर सरकतच नाही आणि पिस्तूल ऐन वेळी अडते. प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली आहे हे बोटाने चाचपावे.

सगळ्यात जास्त धोका पिस्तूल रिकामे करताना असतो. आधी मॅगझिन काढायचे, मगच स्लाइड ओढायची. क्रम उलटा झाला तर स्लाइड जुने काडतूस बाहेर टाकते आणि मॅगझिनमधले नवे चेंबरमध्ये चढवते. मग मॅगझिन काढून माणूस समजतो की झाले रिकामे. मॅगझिन काढले म्हणजे चेंबर रिकामे झाले असे नव्हे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगून ठेवावे. आणखी एक चूक म्हणजे एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड सोडणे. त्याने कित्येक पिस्तुलांच्या एक्स्ट्रॅक्टरची (चेंबरमधून काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची) नखी तुटते, आणि तुटक्या नखीने स्लाइड दहादा ओढली तरी आतले काडतूस आतच राहते. म्हणून स्लाइड मागे धरून उजेडात चेंबर पाहावे आणि करंगळी घालून चाचपावे. बाहेर पडणारे काडतूस तळहातात झेलू नये, टोपी इजेक्टरवर (काडतूस बाहेर फेकणाऱ्या दांड्यावर) आपटली तर ते हातातच फुटते. खाली सतरंजी घालावी, पडू द्यावे.

हे सगळे करताना नळी कोणीकडे असते? बहुतेक घरांत फरशीकडे किंवा भिंतीकडे. कडप्प्यावरून किंवा कोटा फरशीवरून गोळी उसळते आणि चार इंची विटेच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे घर असते. दीड फूट खोल कोरड्या वाळूने भरलेला एक डबा कोपऱ्यात ठेवावा आणि नळी त्याच्याकडेच असावी.

होल्स्टरबद्दल थोडक्यात. चाप आणि त्याचे गार्ड पूर्ण झाकणारे, कडक, दाबले तरी न दुमडणारे होल्स्टर हवे, सोबत दीड इंची जाड पट्टा हवा. वापरून मऊ पडलेल्या चामड्याची घडी चापावर येते आणि पिस्तूल आत सारताना गोळी सुटते. सदऱ्याचे टोक किंवा जॅकेटची दोरीही तेच करते. म्हणून पिस्तूल आत ठेवताना घाई नको, बोट बाहेर, नजर होल्स्टरवर. नुसते पॅंटमध्ये खोचणे तर बेकायदाही आहे. 2016च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या बॅगेत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या कप्प्यात टाकून चहाला जाणे यात बसत नाही. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांना 2019च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

शेवटी शहरात पोलीस आयुक्तालयाला आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाला विनंती. परवाना देताना सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घेतले जाते. परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते, तेव्हा धारकाकडून त्याचेच हत्यार समोर रिकामे करून घ्यावे, दोन मिनिटांचे काम आहे. आणि निवडणुकीत जिथे हत्यारे जमा होतात त्या प्रत्येक पोलीस ठाण्यात वाळूचा एक ड्रम आणि त्यावर मराठीत लिहिलेली पाटी असावी: आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळ्यांनी खात्री.

आपले,
काही परवानाधारक वाचक,
नाशिक