अप्पांचा स्टेंट सरकला

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. आईचा गुडघाही बरा आहे. लिहितो आहे ते अप्पांविषयी, कारण निटिनॉलच्या, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या, तारेची काळजी माझ्याबरोबर करील असा तुझ्याशिवाय कोणी नाही.

अप्पांच्या अन्ननलिकेत खालच्या बाजूला कर्करोगाच्या गाठीतून वाट उघडी ठेवायला बसवलेला स्टेंट, म्हणजे त्या तारेच्या जाळीची नळी, जठरात उतरला. पाणीसुद्धा अडकू लागले, तेव्हा एक्स-रे काढला आणि उलगडा झाला. एंडोस्कोपीने तो बाहेर काढला आहे. शरीराच्या उष्णतेने फुलणारी ती जाळी गाठीवर दाब देऊनच जागेवर राहते. केमोथेरपी आणि रेडिएशनने गाठ आक्रसली, म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही नवस बोललो होतो तो आला आणि त्यानेच जाळीची पकड सुटली. शिवाय तिचे खालचे टोक जठराच्या पोकळीत मोकळे होते. तेथे टेकायला भिंतच नाही.

आता दुसरा स्टेंट बसवायचा आहे आणि घसरण कशी रोखायची हा आपला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातला वाद, ज्यावरून तू माझ्याशी बोलणे टाकले होतेस, पुन्हा उभा राहिला आहे. पृष्ठभाग खडबडीत करा, हे तुझे म्हणणे येथे असे लागू पडते की दोन्ही टोके आवरणाविना ठेवली तर अन्ननलिकेचे अस्तर छिद्रांत वाढून जाळीला धरते. मात्र पुढे ती काढणे फार अवघड होते. पूर्ण आवरणाची जाळी काढता येते, गाठही तिच्यातून आत शिरत नाही, पण ती घसरते अधिक. म्हणून तिचे वरचे टोक एंडोस्कोपमधूनच भिंतीला टाके घालून शिवतात किंवा मोठ्या क्लिपने अडकवतात. लहान क्लिपा लवकर गळून पडतात. गाठ अजून आक्रसण्याची आशा असताना काढता येणारी जाळीच घ्यावी आणि तिला टाके घालावेत, असे माझे ठाम मत झाले आहे, जरी टाक्यांनी सरकणे कमी होते, पुरते थांबत नाही.

लंडनचे शल्यविशारद चार्टर्स सायमंड्स १८८० च्या दशकात अन्ननलिकेत नळी घालत, तेव्हा ती खाली जाऊ नये म्हणून तिचा रेशमी दोरा रुग्णाच्या कानाला किंवा मिशीला बांधत. हे अप्पांना सांगितले, तर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माधवला कळव, मी तयारीत आहे." सध्या पेज आणि गाळलेले वरण चालू आहे, तेही ताठ बसून, भाकरी बंद झाल्याचे त्यांना आजारापेक्षा जास्त लागले आहे.

तुझ्या नव्या घराचे आणि मुक्ताच्या प्रवेशाचे कळले, फार आनंद झाला. सविस्तर नंतर लिहीन.

आता मुख्य प्रश्न. प्रत्येक घोटाबरोबर टाक्याची ओढ तारेवर त्याच जागी पडत राहील. तार तेथे थकून तुटेल का? तू इतकी वर्षे धातूंच्या थकव्यावरच काम करतो आहेस. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी लिहून ठेवले आहेत, त्यांत तुझे घालायचे आहेत. गुरुवारच्या आत फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
विनायक